प्रशिक्षण विमाने, द्विएंजिनी (लष्करी)

दोन एंजिनांच्या विमानाचे चालन आणि अशा विमानातील कर्मचाऱ्यांचे सामूहिक काम शिकविण्यासाठी हवाई दले जी विमाने वापरतात, त्यांना द्विएंजिनी प्रशिक्षण विमाने म्हणतात. एकाच एंजिनाच्या साध्या विमानावर उड्डाणाचे पहिले धडे घेतलेल्या वैमानिकाला बाँबफेकी, टेहळणी किंवा वाहतूक विमानाकडे नेणारा हा मधला टप्पा होय. १९३५ ते १९४५ या दशकात या विमानांचा झपाट्याने विकास झाला. त्यांचा इतिहास केवळ यंत्रांचा नाही. वैमानिक तयार करण्यास वर्ष-दीड वर्षाचा काळ, शत्रूच्या टप्प्याबाहेरचे आकाश व विस्तृत भूमी लागते. ज्या देशांना या तीन गोष्टी लाभल्या नाहीत, त्यांची प्रशिक्षण विमानेच अखेर युद्धात लोटली गेली. डच ईस्ट इंडीजमधील (आताचा इंडोनेशिया) अनुभव हे त्याचे ठळक उदाहरण असून त्याचे पडसाद भारताच्या अंतर्भागापर्यंत, वऱ्हाडच्या पठारी मैदानापर्यंत पोहोचले.

स्वरूप व गरज : एका एंजिनाच्या विमानात एंजिन बंद पडले, तर वैमानिकाला विमान तरंगत खाली आणून मोकळी जागा शोधावी लागते. दोन एंजिनांच्या विमानात प्रश्न वेगळा असतो. एंजिने दोन्ही पंखांवर बसविलेली असल्याने एक बंद पडताच चालू एंजिनाचा जोर विमानाला बंद एंजिनाच्या बाजूस वळवू लागतो. वैमानिकाने तत्काळ विरुद्ध बाजूचे सुकाणू दाबून विमान सरळ ठेवावयाचे, बंद एंजिनाच्या प्रॉपेलरचा अडथळा शक्य तितका कमी करावयाचा आणि वेग ठराविक मर्यादेखाली जाऊ द्यावयाचा नाही, असे हे तंत्र आहे. ही वेगमर्यादा ओलांडून विमान मंदावले, तर सुकाणूची पकड सुटते व विमान उलटे होऊन कोसळते. दोहोंपैकी एक एंजिन गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली असे सामान्यतः वाटते. प्रत्यक्षात उरलेली शक्ती बव्हंशी विमान हवेत टिकविण्यातच खर्च होत असल्याने वर चढण्याची क्षमता मात्र निम्म्याहून कितीतरी अधिक घटते. उड्डाण करतानाच्या पहिल्या काही क्षणांत हे घडल्यास विचाराला अवसर नसतो. म्हणून ही कृती वारंवार सरावाने अंगवळणी पाडावी लागते.

दुसरी गरज सामूहिक कामाची. बाँबफेकी विमानात वैमानिकाबरोबर मार्गनिर्देशक, बिनतारी संदेशक, बाँबचा नेम धरणारा व मशीनगन चालविणारा असे अनेक जण असत. प्रत्यक्ष लढाऊ विमानावर या सर्वांना शिकविणे खर्चाचे व धोक्याचे असे. त्यामुळे पाच-सहा माणसे सामावतील असे लहान, सौम्य स्वभावाचे व दुरुस्तीस सोपे दोन एंजिनांचे विमान हवे होते. प्रवासी वाहतुकीसाठी तयार झालेल्या लहान विमानांतूनच त्यांपैकी पुष्कळ विमाने पुढे निघाली.

यूरोपातील विकास : ब्रिटनमध्ये रॉय चॅडविक या अभिकल्पकाने तयार केलेले ॲव्ह्रो अॅन्सन हे विमान २४ मार्च १९३५ रोजी प्रथम उडाले. ते मुळात समुद्रकिनाऱ्यावरील टेहळणीसाठी होते. ब्रिटिश हवाई दलातील आत ओढून घेता येणाऱ्या चाकांचे ते पहिले एकपंखी विमान होय. ही चाके हाताने दांडा फिरवून वर घ्यावी लागत व त्यासाठी सु. १४० फेरे द्यावे लागत. लढाईच्या दृष्टीने ते लवकरच मागे पडले, तथापि मार्गनिर्देशक, संदेशक व मशीनगनधारी यांच्या शिक्षणासाठी ते फार उपयुक्त ठरले. त्याची निर्मिती १९५२ पर्यंत चालू राहून एकूण ११ हजारांवर विमाने तयार झाली.

एअरस्पीड ऑक्सफर्ड हे विमान मात्र आरंभापासूनच प्रशिक्षणासाठी योजिलेले होते. एन्व्हॉय या लहान प्रवासी विमानावरून ते बेतले गेले. त्याचे पहिले उड्डाण १९ जून १९३७ रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते ब्रिटिश हवाई दलाच्या मध्यवर्ती उड्डाणशाळेत दाखल झाले. त्याची बांधणी मुख्यत्वे लाकडाची होती. पंखांचा विस्तार १६·२५ मी., भारासह वजन सु. ३,४०० किग्रॅ. व कमाल वेग ताशी सु. ३०० किमी. होता. त्याला प्रत्येकी सु. ३५० अश्वशक्तीची दोन चीता एंजिने बसविलेली असत. पहिल्या प्रकारात मशीनगनचा फिरता मनोरा असे, तर दुसऱ्या प्रकारात तो काढून केवळ उड्डाण, मार्गनिर्देशन व संदेशवहन यांवर भर दिला होता. अशी आठ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. ऑक्सफर्ड हाताळण्यास अतिसोपे नव्हते. उतरताना ते निष्काळजी वैमानिकाला क्षमा करीत नसे. पुढे अवजड बाँबफेकी विमान चालवावयाचे असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा दोष नव्हे, तर गुणच मानला गेला.

जर्मनीत कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले फोके-वुल्फ ५८ हे विमान १९३५ मध्ये उडाले. प्रत्येकी २४० अश्वशक्तीच्या दोन आर्गुस एंजिनांचे हे विमान वैमानिक, संदेशक व मशीनगनधारी यांच्या शिक्षणासाठी जर्मन हवाई दलात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले व अनेक देशांना विकलेही गेले.

डच ईस्ट इंडीजमधील लॉकहीड २१२ : नेदरलँड्सचे लष्कर युरोपात लहान व तटस्थ धोरणाचे होते. त्याच्या आशियाई वसाहतीला मात्र तेल, रबर व कथील यांमुळे जपानच्या आक्रमणाचा धोका जाणवत होता. हजारो बेटांच्या प्रदेशाचे रक्षण मोठ्या आरमाराने करणे परवडणारे नसल्याने वसाहतीच्या लष्करी हवाई दलाने बाँबफेकी विमानांवर भिस्त ठेवली. १९३६ मध्ये अमेरिकेतील मार्टिन कंपनीकडे दोन एंजिनांच्या बाँबफेकी विमानांची पहिली मागणी नोंदविण्यात आली व पुढील काही वर्षांत अशी शंभराहून अधिक विमाने जावा बेटावर आली. विमाने विकत घेता आली, परंतु ती चालविणारे कर्मचारी विकत मिळणारे नव्हते. एका मार्टिन विमानाला अनेक प्रशिक्षित माणसे लागत. त्यांच्या शिक्षणासाठी मध्यम आकाराच्या विमानाची गरज निर्माण झाली.

ती लॉकहीड कंपनीच्या १२ क्रमांकाच्या विमानाने भागविली. हे सहा प्रवाशांचे विमान २७ जून १९३६ रोजी प्रथम उडाले होते. संपूर्ण धातूची बांधणी, जोडशेपूट, आत ओढली जाणारी चाके आणि प्रत्येकी ४५० अश्वशक्तीची दोन वास्प ज्यूनिअर एंजिने ही त्याची वैशिष्ट्ये होत. पंखविस्तार सु. १५ मी., भारासह वजन सु. ३,९०० किग्रॅ. आणि कमाल वेग ताशी सु. ३६० किमी. होता. त्या काळातील पुष्कळशा लष्करी प्रशिक्षण विमानांपेक्षा हा वेग अधिक होता. या विमानाच्या लष्करी रूपास २१२ हा क्रमांक मिळाला. नाकात पुढे रोखलेली एक मशीनगन, पाठीवर फिरत्या मनोऱ्यात दुसरी आणि मध्यभागाखाली बाँबचे आधार असे बदल त्यात करण्यात आले. त्यामुळे एकाच विमानात वैमानिक, मशीनगनधारी व बाँबचा नेम धरणारा यांना शिकविता येऊ लागले. वसाहतीच्या हवाई दलाने अशी १६ विमाने घेतली. त्याखेरीज याच मूळ नमुन्याची २० वाहतूक विमानेही मागविली. एकूण सु. १३० विमाने बांधल्या गेलेल्या या नमुन्याचे ते सर्वांत मोठे लष्करी गिऱ्हाईक ठरले.

१० मे १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले. १४ मे रोजी रॉटरडॅम शहरावर बाँबवर्षाव झाला व पाठोपाठ डच सैन्याने शरणागती पतकरली. मायदेशातील उड्डाणशाळांचे बरेचसे विद्यार्थी व शिक्षक फ्रान्समार्गे इंग्लंडला निसटले आणि त्यांपैकी पुष्कळांना शिक्षण पूर्ण करण्यासाठी ईस्ट इंडीजला धाडण्यात आले. एका आक्रमणापासून वाचविलेली शाळा अशा रीतीने दुसऱ्या आक्रमणाच्या मार्गात येऊन बसली. मायदेशाकडून मिळणारे मनुष्यबळ खुंटले होते. नवीन विमानांसाठी अमेरिकेवर अवलंबून राहावे लागत होते आणि प्रशिक्षणाची प्रमुख ठिकाणे एकट्या जावा बेटावर एकवटलेली होती. बांडुंगजवळील आंदीर व त्याच्या उत्तरेचा कालिजाती हे तळ त्यांत महत्त्वाचे होते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरले. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी सैन्याने बोर्निओलगतच्या ताराकान या तेलसमृद्ध बेटावर उतरण्यास प्रारंभ केला. फेब्रुवारीत सुमात्रातील तेलक्षेत्र हातचे गेले व २७ फेब्रुवारीला जावा समुद्रातील आरमारी लढाईत दोस्तांचे नौदल पराभूत झाले. या धामधुमीत शाळा व युद्ध यांतील सीमारेषा पुसली गेली. शिकविण्यासाठी आणलेली विमाने टेहळणी व दळणवळण यांच्या कामी लागली. शिक्षक आघाडीवर गेल्याने विद्यार्थ्यांचे शिक्षण थांबले. १ मार्च रोजी कालिजातीचा तळ जपान्यांच्या हाती पडला आणि ८ मार्च १९४२ रोजी त्याच ठिकाणी झालेल्या वाटाघाटींत डचांनी शरणागती मान्य केली. तत्पूर्वी उड्डाणशाळेतील विद्यार्थी व काही विमाने ऑस्ट्रेलियात हलविण्यात आली होती. तेथील प्रवासही निर्धोक नव्हता. ३ मार्चला जपानी लढाऊ विमानांनी ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरात जावाहून आलेल्या निर्वासितांनी भरलेल्या डच समुद्रविमानांवर हल्ला केला. त्यात अनेक स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली.

पुढे अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे मे १९४२ मध्ये डच लष्करी उड्डाणशाळा उभारण्यात आली. मायदेश व वसाहत ही दोन्ही गमावलेल्या राष्ट्राचे वैमानिक तिसऱ्याच देशाच्या आकाशात १९४४ पर्यंत शिकत राहिले. दरम्यान ऑस्ट्रेलियात ४ एप्रिल १९४२ रोजी १८ क्रमांकाचे डच पथक स्थापन झाले व त्याने पुढे दोन एंजिनांची मिचेल विमाने वापरून जपान्यांविरुद्ध मोहिमा केल्या. पुरेसा अवधी व सुरक्षित जागा मिळताच तेच मनुष्यबळ प्रभावी ठरले, हे यावरून दिसते.

प्रशिक्षण व भूगोल : याच सुमारास ब्रिटनने उलट मार्ग चोखाळला होता. १७ डिसेंबर १९३९ रोजी ओटावा येथे झालेल्या करारानुसार कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या सहकार्याने राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजना सुरू झाली. तीत शिक्षणाचा मोठा भाग शत्रूच्या विमानांपासून हजारो किमी. दूर ठेवण्यात आला. एकट्या कॅनडातून १,३१,५५३ वैमानिक व हवाई कर्मचारी बाहेर पडले. अॅन्सन व ऑक्सफर्ड या विमानांनी त्यात मोठा वाटा उचलला.

दूर ठेवलेली शाळा सर्वस्वी सुरक्षित असतेच असे नाही. इराकमधील हब्बानिया येथे ब्रिटिश हवाई दलाची अशीच एक प्रशिक्षणशाळा होती. मे १९४१ मध्ये इराकी फौजांनी तिला वेढा घातला तेव्हा शिक्षक व विद्यार्थी यांनी ऑक्सफर्ड विमानांना लहान बाँबचे आधार जोडून हल्ले चढविले व काही दिवसांतच वेढा उठला. येथे प्रशिक्षण विमाने विजयी झाली. मात्र समोरचा शत्रू दुबळ्या हवाई दलाचा होता. जावावर जपानची आधुनिक लढाऊ विमाने होती. त्यांच्यापुढे असा प्रयोग टिकणे अशक्य होते.

भारतातील वाटचाल : भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली व १ एप्रिल १९३३ रोजी कराचीतील ड्रिग रोड येथे वापिती विमानांची पहिली तुकडी उभी राहिली. आरंभीचे भारतीय अधिकारी इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकले. महायुद्ध सुरू झाल्यावर मुंबईसारख्या शहरांतील नागरी उड्डाण मंडळांकडून प्राथमिक शिक्षण देण्यात येऊ लागले. हैदराबादजवळील बेगमपेट व जोधपूर येथे प्राथमिक, तर अंबाला येथे पुढील शिक्षणाची व्यवस्था झाली. युद्धकाळातील भारतीय पथके मुख्यतः एकाच एंजिनाची लायसँडर, हरिकेन व व्हेंजन्स ही विमाने वापरीत असल्याने दोन एंजिनांच्या शिक्षणाचा लाभ भारतीय वैमानिकांना मर्यादित प्रमाणातच मिळाला.

ही उणीव स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जाणवली. १९४६ मध्ये १२ क्रमांकाच्या पथकास दोन एंजिनांची डाकोटा विमाने मिळाली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीरच्या रक्षणासाठी श्रीनगरला सैन्य उतरविण्याचे काम या विमानांनी केले. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी डाकोटा विमान लेह येथे, ३,००० मी.हून अधिक उंचीवरील कच्च्या धावपट्टीवर उतरविले. या मोहिमांनी द्विएंजिनी वाहतूक विमानाच्या वैमानिकांचे मोल सिद्ध केले.

प्राथमिक प्रशिक्षण विमान देशातच तयार करण्याचे श्रेय बंगलोर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यास आहे. कोल्हापूर भागातील विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली अभिकल्पित केलेले एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. ते एकाच एंजिनाचे होते. केवळ प्रशिक्षणासाठी दोन एंजिनांचे स्वतंत्र विमान बनविण्याऐवजी भारताने वाहतूक विमानेच त्या कामी वापरण्याचे धोरण ठेवले. डाकोटा व डेव्हन यांच्यानंतर कानपूर येथे बांधणी झालेले ॲव्ह्रो एचएस-७४८ (पहिले उड्डाण नोव्हेंबर १९६१) आणि त्याच शहरात परवान्याने तयार झालेले डॉर्निअर २२८ ही विमाने या परंपरेतील होत. वाहतूक वैमानिकांच्या शिक्षणाचे केंद्र बेगमपेटनंतर बंगलोरजवळील यलहंका हे झाले. नौदलाने कोची येथे डॉर्निअर विमाने निरीक्षकांच्या शिक्षणासाठी वापरली.

वऱ्हाड व विदर्भातील विमानतळ : ज्या दिवशी जावा पडले, त्याच ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती गेले. ६ एप्रिलला विशाखापटनम व काकीनाडा यांवर बाँब पडले. पूर्व किनारा असुरक्षित झाल्याने भारतात दोनशेहून अधिक विमानतळांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. मध्य प्रांत व वऱ्हाडचे महत्त्व या संदर्भात लक्षात येते. हा प्रदेश दोन्ही किनाऱ्यांपासून दूर असून मुंबई व कलकत्ता, तसेच दिल्ली व मद्रास यांना जोडणारे हवाई मार्ग नागपूरजवळ एकमेकांस छेदतात. स्वातंत्र्यानंतर ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत चारही महानगरांतील विमाने नागपूरलाच एकत्र येत. गोंदियाजवळील बिरसी हा विमानतळ महायुद्धकाळातला होय. अकोल्याजवळ शिवणी येथील विमानतळ १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधला.

उत्तरेस गाविलगडचे डोंगर व दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांमधील पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे वऱ्हाडच्या पायनघाटात, सपाट जमीन विपुल आहे. हिवाळ्यातील आकाश निरभ्र असते. तथापि दोन अडचणी आहेत. येथील काळी कापशी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे मुरूम-खडीचा भक्कम पाया घातल्याशिवाय धावपट्टी टिकत नाही. दुसरी अडचण उष्म्याची. अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात ४५° से.च्या वर जातो. सु. ३०० मी. उंचीवर अशा उष्ण हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सु. एक-अष्टमांशाने कमी भरते. परिणामी एंजिनाची शक्ती व पंखांची उचल दोन्ही घटतात व धावपट्टी अधिक लांब लागते. दोन एंजिनांपैकी एक बंद पडल्यास विमान वर चढण्याऐवजी खाली येण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी शिकलेल्या वैमानिकाला हवामानाचा हिशेब पुस्तकाआधी अनुभवातून कळतो.

शिवणीच्या धावपट्टीचा विस्तार लगतच्या जमिनीच्या प्रश्नाशी निगडित राहिला. तेथील जमिनीचा काही भाग १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या संशोधनक्षेत्रात मोडतो. शेतीसंशोधन व हवाई दळणवळण या दोन सार्वजनिक गरजा येथे एकाच भूमीवर हक्क सांगतात. अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळ १९९२ मध्ये बांधण्यात आला. त्याची धावपट्टी पुढे १,८५० मी. करण्यात आली व १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईशी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. २००८ पासून बिरसी येथे, तर २०२४ मधील घोषणेनुसार बेलोरा येथे मोठ्या नागरी उड्डाणशाळांची योजना झाली. बेलोऱ्याच्या शाळेसाठी २०२५ मध्ये नोंदविलेल्या ३४ विमानांच्या मागणीत ३१ विमाने एका एंजिनाची आणि केवळ ३ दोन एंजिनांची आहेत.

हे प्रमाण अर्थपूर्ण आहे. बहुसंख्य तास साध्या विमानावर घालवून विद्यार्थ्याने अखेरचे मोजके तास दोन एंजिनांच्या विमानावर शिकावयाचे, हा क्रम १९३७ मधील लष्करी शाळांनी घालून दिलेलाच होय. त्या मोजक्या तासांसाठी लागणारी शांतता व अवधी जावाला लाभला नाही. अंतर्भागातील भूमीमुळे भारताला तो लाभला. संरक्षणाच्या दृष्टीने विमानांच्या संख्येइतकेच अशा भूमीचेही मोल असते, हा या विमानांच्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.